मेक्सिकोचं सूप, घाटकोपरचा ओटा

लोकलची गर्दी सोसून लेक घाटकोपरला घरी पोचते तेव्हा रात्रीचे साडेआठ होतात. त्या वेळी बिर्याणीचा घाट कोण घालणार? म्हणून मी मेक्सिकन धर्तीचं चिकन सूप शिकलो. बायको म्हणाली, ‘परदेशी जिन्नस आणणार कुठून?’ डबे उघडले, तर सगळं घरातच!

तेलावर जिरं, लसूण, कांदा परता. 2 टोमॅटो, लाल तिखट, मीठ घालून मऊ होऊ द्या. पाव किलो बोनलेस चिकन, मूठभर मक्याचे दाणे आणि 4 कप पाणी घालून 20 मिनिटं उकळा. चिकन मोडून घ्या, लिंबू पिळा, कोथिंबीर पेरा. तिकडे वरून शिळ्या टॉर्टियाच्या तळलेल्या पट्ट्या घालतात. आम्ही शिळ्या चपातीच्या.

गंमत बघा. मिरची, टोमॅटो, मका मूळचे तिकडचे. मिरची 16व्या शतकात पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणली. जिरं, कोथिंबीर, लिंबू, कोंबडी स्पॅनिश लोकांनी तिकडे नेली. आज मिरचीला कोणी परकी म्हणत नाही. मला मात्र अजून विचारतात, ‘मुसलमान असून इतकं छान मराठी कसं लिहिता?’ मी म्हणतो, सूप प्यायला या.