निम्मा वाटा बापाचा
श्रावण वद्य षष्ठीला, तिकडच्या पंचांगानं भाद्रपदात, रायपुरातल्या आया खमरछठचा उपास करतात. नांगर लागलेल्या जमिनीतलं काही खायचं नाही. आपोआप उगवलेल्या पसहर तांदळाचा भात, म्हशीचं दही, सहा प्रकारच्या भाज्या एवढंच चालतं. लेकराला आयुष्य मिळावं म्हणून हे व्रत. बाप त्या दिवशी पोटभर जेवतो. आणि लेकरू सतत आजारी पडू लागलं की बोट पुन्हा आईकडेच.

छत्तीसगडात अशा बोट दाखवण्याचं एक मोठं निमित्त म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्या अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनचं एक जनुक असतं. त्यातलं फक्त एक अक्षर बदलतं आणि प्रथिनाच्या लांबलचक साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येऊन बसतं. बस्स, एवढंच! पण प्राणवायू कमी पडला की असे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे दांडे बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडं ठणकू लागतात. रायपूर जिल्ह्यात साडेतीन लाखांहून अधिक मुलं तपासली गेली, तेव्हा त्यांत सुमारे ९ टक्के वाहक, म्हणजे बदललेलं अक्षर एकाच पालकाकडून मिळालेली, निघाली. या आजाराचा पट्टा पुढं गोंदिया, गडचिरोली, नागपूरपर्यंत येतो.

इतकं घातक अक्षर टिकलं कसं? हिवतापामुळं. ज्यांना ते एकाच पालकाकडून मिळतं, त्यांना हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं, हे शास्त्रज्ञ अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. त्याहून नवल पुढंच आहे. आफ्रिकेतला बदल आणि अरबस्तान-भारतातला बदल वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे घडला, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात. डासानं दोन खंडांत एकच अक्षर जपलं म्हणायचं!

आजार होण्यासाठी मात्र ते अक्षर आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. दोघं वाहक असले तर प्रत्येक खेपेला मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. एकटी आई हा आजार देऊच शकत नाही, आणि तरी ‘हिच्यामुळं झालं’ हे तिनंच ऐकायचं.

यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट गर्भातली आहे. पोटातलं बाळ आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेण्यासाठी वेगळंच, गर्भाचं हिमोग्लोबिन बनवतं आणि त्यात ही चूक नसते. जन्मानंतर काही महिने ते पुरतं. मग ते ओसरतं आणि साधारण सहाव्या महिन्यानंतर कधीतरी सिकलसेल असलेल्या बाळाचे हातपाय सुजतात. मधल्या काळात आईला वाटतं, सगळं ठीक आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध हेच जुनं हिमोग्लोबिन शरीराला पुन्हा बनवायला लावतं. छत्तीसगड-ओडिशातल्या रुग्णांत हे हिमोग्लोबिन मुळातच जास्त आढळतं.

जमैकात डॉक्टर ग्रॅहम सर्जंट यांच्या पथकानं कृष्णवर्णीय आयांना मुलाच्या पोटावर बोटं फिरवून प्लीहा चाचपायला शिकवलं. या आजारात कधी कधी रक्त प्लीहेत अडकतं आणि ती काही तासांत फुगते. आया वेळेत ओळखू लागल्या आणि या संकटात दगावणाऱ्यांचं प्रमाण शंभरात सुमारे २९ वरून ३ वर आलं. कुठलंही यंत्र नाही, आईची बोटं! मला खमरछठच्या व्रताइतकीच ही बोटं पूज्य वाटतात. याच सर्जंट यांनी पुढं ओडिशातल्या रुग्णांशी जमैकाची तुलनाही केली.

अमेरिकेत तर या आजारावर कृष्णवर्णीयांचा शिक्का बसला. मुलाच्या वेदना खऱ्या आहेत हे दवाखान्यात पटवून देण्यातच तिथल्या आयांचा जीव जातो. १९७१ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षानं स्वतःच सिकलसेलच्या तपासण्या सुरू केल्या. त्यांच्या नावावरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. विदर्भातल्या दलित वस्त्यांत हाच आजार आहे, हा धागा मात्र आपल्याकडं फारसा कुणी उचलला नाही.

केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झालं. त्यात तपासणीनंतर कार्ड मिळतं. पुरुषाचं आणि स्त्रीचं कार्ड जुळवून पाहिलं की होणाऱ्या मुलाला धोका किती, ते कळतं. एकट्या तिच्या कार्डावर ते उत्तर छापलेलंच नसतं.