पावती नेमकी कुठे अडते

कापसाचा हंगाम भरात आला की राळेगावच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यापुढे ट्रॅक्टर आणि मेटॅडोरची रांग लागते. भरलेली गाडी एकदा तोलायची, कापूस गंजीवर रिकामा झाला की तीच गाडी पुन्हा तोलायची, आणि दोन वजनांतला फरक पावतीवर. त्याच पावतीवर शेतकऱ्याचा चुकारा ठरतो. ती निघायला मिनिटभर उशीर झाला तरी मागचे सगळे खोळंबतात. "भाऊ, पावती काऊन नाही निंगून राह्यली?" असं कुणी विचारलं की सगळ्यांच्या नजरा संगणकाकडे वळतात आणि निदान ठरलेलं असतं : मशीन जुनी झाली, नवी घ्या.

हे निदान मला कधीच पटलं नाही. काय अडलंय ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लाखभर रुपये का घालवायचे?

मी ज्या जिनिंगचं काम बघतो, तिथल्या नोंदी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आहेत. मायएसक्यूएलच्या आत या घडीला कोणती कामं चालू आहेत, कोण कुणासाठी थांबलंय, हे दाखवणारं इनोटॉप नावाचं फुकट साधन आहे. बॅरन श्वार्ट्झ यांनी ते पर्ल भाषेत लिहिलं. ते म्हणजे एकच फाइल, पण ती एकटीनं चालत नाही. पहिल्यांदा चालवली की उत्तर येतं : डीबीआय सापडत नाही. पर्लला कुठल्याही डेटाबेसशी एकाच पद्धतीनं बोलता यावं म्हणून टिम बन्स यांनी डीबीआय घडवलं. ते बसवलं की डीबीडी-मायएसक्यूएल हवं, कारण प्रत्यक्ष मायएसक्यूएलशी जोडणी तेच करतं. शिवाय टर्म-रीडकी; एंटर न दाबता नुसत्या एका कळीवर पडदा बदलतो तो त्याच्या जोरावर.

यातलं अवघड म्हणजे मधलं. सीपॅन या १९९५पासूनच्या पर्लच्या भांडारातून ते घेतलं तर जागेवर कंपाइल करावं लागतं. मग जीसीसी हवं, मेक हवं, मायएसक्यूएलच्या क्लायंट लायब्ररीच्या हेडर फाइली हव्यात. काट्याच्या सर्व्हरवर कंपायलर नसतो, आणि तो नसावाच. या सर्व्हरवर चालणाऱ्या उबुंटूच्या भांडारात हेच सगळं तयार बांधून ठेवलेलं असतं. एका कमांडमध्ये साधन आणि त्याला लागणारी पॅकेजं पाठोपाठ येतात. फक्त इथला सर्व्हर इंटरनेटला जोडलेला नाही, आणि मला ते योग्य वाटतं. त्यामुळे पॅकेजं घरच्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हनं आणायची. दोन्हीकडे उबुंटूची आवृत्ती तीच हवी. नाहीतर पर्लची आवृत्ती जुळत नाही आणि पॅकेज बसायला नकार देतं.

बसवल्यावर त्याच्यासाठी वेगळा युजर केला. रूट पासवर्ड अशा कामाला कधीही देऊ नये. चालू कामं पाहायला 'प्रोसेस' हा अधिकार पुरतो. तो नसेल तर युजरला फक्त स्वतःची कामं दिसतात, आणि निम्मा पडदा रिकामा पाहून लोक समजतात की सगळं ठीक आहे.

आवक जोरात असताना मोठ्या अक्षरातला क्यू दाबला. चालू क्वेऱ्यांची यादी आली. नव्या पावतीची नोंद वीस सेकंद थांबलेली, मग तीस, मग चाळीस. प्रोसेसर तर जवळजवळ मोकळा होता! के दाबल्यावर कुणामुळे थांबली तेही दिसलं : हिशेबाच्या खोलीतून चुकारा झाल्याची खूण एका पावतीवर केली जात होती. पावती क्रमांकावर इंडेक्स नव्हता. त्यामुळे ती एक ओळ शोधताना इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचं नोंदी साठवणारं इंजिन, अख्खं टेबल चाळत होतं आणि चाळलेली प्रत्येक ओळ, ओळींमधल्या मोकळ्या जागांसकट, कुलूपबंद करत होतं. नवी पावती घालायला जागाच उरत नव्हती. त्यात हिशेबाच्या प्रणालीत 'खात्री आहे का?' या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत व्यवहार उघडाच राहायचा. मायएसक्यूएल अशा वेळी मुळातल्या सेटिंगप्रमाणे ५० सेकंद वाट पाहतं आणि मग चूक दाखवून नोंद सोडून देतं. काट्यावर दिसायची ती तीच चूक.

रात्री काटा बंद झाल्यावर पावती क्रमांकावर युनिक इंडेक्स घातला. आता खूण करताना तेवढी एकच ओळ अडते. मशीन तीच आहे. व्यवहार उघडा ठेवणारा तो प्रश्न मात्र प्रणालीतून काढायला हवा. ते काम प्रणाली लिहिणाऱ्यांचं आहे आणि त्यांना पडद्याच्या फोटोसह कळवलं आहे. पेनड्राइव्हवरच्या पॅकेजांची नावं आवृत्त्यांसकट काट्याच्या खोलीतल्या रजिस्टरात लिहून ठेवली आहेत, म्हणजे सर्व्हर बदलला तर पुढच्या माणसाला शोधत बसावं लागणार नाही.