हरलेले नकाशे

मुंबईला जाल तेव्हा सीएसएमटीला उतरून चालत काळा घोड्यापर्यंत या. समोर मोठा घुमट दिसतो तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा, म्हणजे पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचा. गंमत बघा, पायाभरणी झाली १९०५ साली, पण इमारत कशी असावी हे त्यानंतर ठरलं! खुली स्पर्धा घेतली गेली आणि १९०९ मध्ये जॉर्ज विटेट यांचं काम निवडलं गेलं. कुर्ल्याचा आणि मालाडचा दगड, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा घुमट. १९१४ ला इमारत उभी राहिली, महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं, आणि लोकांसाठी म्युझियम उघडलं १९२२ ला.

विटेट साहेब सगळ्यांना माहीत. मला मात्र अशा स्पर्धेत हरलेल्यांमध्येच जास्त रस. कारण हरलेली इमारत कुठेच नसते. ती उरते फक्त कागदावर, तोही कोणी छापला तर.

याचं झकास उदाहरण पॅरिसचं आहे. १६६४ मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने लूव्र राजवाड्याच्या पूर्वेकडच्या दर्शनी भागासाठी फ्रान्समधून आणि थेट रोमहूनही नकाशे मागवले. रोमचा बर्निनी १६६५ मध्ये स्वतः पॅरिसला आला, त्याच्या नकाशाप्रमाणे पायाभरणीसुद्धा झाली. आणि दोन वर्षांत बेत रद्द! काम फ्रेंच मंडळींकडे गेलं.

त्याच वर्षी ख्रिस्तोफर रेन नावाचा खगोलशास्त्राचा एक इंग्रज प्राध्यापक पॅरिसला आला होता. लंडनचं सेंट पॉल बांधणारा हाच. बर्निनीने त्याला नकाशा दाखवला, पण जेमतेम काही मिनिटं. बिचारा हळहळला.

पुढे ज्यां मारो याने बर्निनीचे नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरले. पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं, शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागद प्रेसमध्ये दाबायचा. एका पत्र्यातून शेकडो प्रती. अशा छापील शीटवर प्लॅन किंवा एलिव्हेशनच्या खाली स्केलची पट्टी छापलेली असली की काम झालं. आकडे नसले तरी चालतं, कागद आकसला तर पट्टीही सोबत आकसते. डिव्हायडर लावला की दूरदेशीच्या माणसालाही खिडकीची रुंदी कळते! स्टॉकहोमच्या राजवाड्यावर बर्निनीच्या त्या न बांधलेल्या लूव्रची छाप आहे, असं जाणकार मानतात.

आता आपल्याकडे या. सबमिशन झालं की शीट्सचं काय होतं? काही रद्दीत, काही मेसच्या टेबलावर, आणि उरलेली जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यातल्या उन्हापायी होस्टेलच्या खिडक्यांना चिकटवलेली. इंक केलेला सेक्शन उन्हाला आडवा! धुळ्याच्या राजवाडे मंडळात इतिहासाचार्यांनी गावोगाव हिंडून जमवलेले कागद अजून जपलेत, आणि आपण तीन रात्री जागून काढलेलं शीट जूनपर्यंतही टिकवत नाही.

म्हणून सरांपुढे माझं म्हणणं असं, की दर वर्षी प्रत्येक वर्गाची चार शीट्स स्कॅन करून याच मासिकात छापावीत, आणि मूळ शीट्स लायब्ररीत ठेवावीत. त्यात एक तरी कमी मार्कांचं हवं, लाल शेऱ्यांसकट. पाचवं शीट खुशाल खिडकीला लावा, भाऊ.