अर्ज बाद झाला, पण चूक कोणाची?

‘मुलगी पब्लिक पॉलिसीत एम.ए. करते’ असे सांगितले की आपल्याकडे पाहुण्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. म्हणजे नेमके काय शिकते? प्रश्न रास्त आहे. डॉक्टर, वकील, शिक्षक यांचे काम डोळ्यांना दिसते, सार्वजनिक धोरण मात्र दिसत नाही.

अमेरिकेत हार्वर्डचे केनेडी स्कूल, बर्कलेचे गोल्डमन स्कूल अशा ठिकाणी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षी खरेखुरे काम हाती घ्यावे लागते. एखादा शहर विभाग किंवा राज्य सरकारचे खाते आपली अडचण पुढे ठेवते. विद्यार्थी काही महिने नोंदी तपासतात, खिडकीपलीकडच्या आणि अलीकडच्या माणसांशी बोलतात आणि अहवाल देतात. त्या सरकारी खात्याला ‘क्लायंट’ म्हणतात. वकिलाचा अशील असतो तसाच. गुण प्राध्यापक देतात, पण अहवाल जातो अधिकाऱ्याच्या टेबलावर.

अशा अभ्यासांत आता एक प्रश्न वारंवार येतो. अन्नमदत, औषधोपचार, बेकारभत्ता यांचे अर्ज संगणकावर आले. मग हकदार माणूस अजूनही रिकाम्या हाताने का परततो?

तेथील अन्नमदतीच्या योजनेला ‘स्नॅप’ म्हणतात. पूर्वीचे नाव फूड स्टॅम्प. 2024 मध्ये 4 कोटींहून अधिक लोक तिचा लाभ घेत होते. धान्याऐवजी दरमहा कार्डावर रक्कम येते आणि तिच्यातून खाण्याचे जिन्नस घेता येतात. ठरावीक काळाने ‘मी अजून पात्र आहे’ हे पुन्हा सिद्ध करावे लागते. अर्ज, कागदपत्रे आणि एक मुलाखत, बहुधा फोनवर.

सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या या फेरतपासणीच्या नोंदी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या तातियाना होमोनॉफ आणि तेव्हा कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी करणारे जेसन सोमरविल यांनी तपासल्या. त्यांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाखतीच्या तारखा माणूस पाहून दिल्या जात नव्हत्या. कोणाला महिन्याच्या सुरुवातीची, कोणाला अखेरची. सारे काम पुरे करण्याची मुदत मात्र सगळ्यांना एकच, महिनाअखेर. आता पाहा. 2 तारखेची मुलाखत चुकली तर दुसरी वेळ मागता येते, मालकाकडून पगाराचा कागद आणायला तीन आठवडे मिळतात. 28 तारीख मिळालेल्याच्या हातात दोन दिवस उरतात. महिन्याच्या शेवटी मुलाखत असलेल्यांचे अर्ज बाद होण्याचे प्रमाण सुरुवातीच्या तारखा मिळालेल्यांपेक्षा सुमारे 20 टक्क्यांनी जास्त निघाले. गरज सारखी, उत्पन्न सारखे, फरक फक्त तारखेचा.

शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे वाचून नवल वाटणार नाही. उत्पन्नाचा दाखला अखेरच्या दिवशी हातात पडतो, त्याच दिवशी संकेतस्थळ बसलेले असते, आणि घरी आई म्हणते, आमच्या नशिबातच नव्हते. नशीब तपासता येत नाही, तारीख तपासता येते. या अभ्यासाची मला किंमत वाटते ती यासाठी.

अर्जाचा नमुनाही तपासता येतो. मिशिगन राज्यात सरकारी मदतीचा अर्ज 42 पानांचा होता आणि त्यात हजारांहून अधिक प्रश्न होते. बाळाची गर्भधारणा कोणत्या तारखेला झाली, हाही त्यांतला एक! डेट्रॉइटच्या ‘सिव्हिला’ या संस्थेने सरकारबरोबर बसून तो सुमारे 80 टक्के छोटा केला आणि 2018 मध्ये नवा अर्ज लागू झाला.

आर्कान्सा राज्यात उलटे घडले. 2018 मध्ये सरकारी आरोग्यविमा टिकवण्यासाठी काही वयोगटांतील लोकांना महिन्याला 80 तास काम केल्याची नोंद करावी लागे. सुरुवातीला ती फक्त संकेतस्थळावर होई, आणि ते रात्री 9 ते सकाळी 7 बंद! दिवसभर राबणाऱ्याने नोंद करायची कधी? काही महिन्यांतच 18 हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला. हार्वर्डच्या संशोधकांनी पाहणी केली तेव्हा दिसले की ज्यांच्यासाठी नियम होता त्यांतले 95 टक्क्यांहून अधिक लोक आधीच काम करत होते किंवा त्यांना सूट मिळायला हवी होती. मार्च 2019 मध्ये न्यायालयाने ती अट थांबवली.

पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहान यांनी 2018 च्या आपल्या पुस्तकात अशा ओझ्याचे तीन प्रकार सांगितले. योजना समजून घेण्याचे, अटी पुऱ्या करण्याचे आणि मनावरचे. तिसरे ओझे मला सर्वांत जड वाटते. खिडकीवर पुन्हा पुन्हा गरिबी सिद्ध करणारी बेवा एके दिवशी जाणेच सोडून देते. नोंदवहीत तिच्यापुढे ‘गैरहजर’ एवढेच लागते.

या कामातली खरी कसोटी पुढे येते. ज्या खात्याने नोंदी उघडून दिल्या, त्यालाच सांगायचे असते की दोष तुमच्या व्यवस्थेत आहे. मिशिगनच्याच बेकारभत्ता खात्यात 2013 ते 2015 या काळात संगणकाने आपोआप लोकांवर फसवणुकीचा ठपका ठेवला. राज्याने नंतर अशी 22 हजारांहून अधिक प्रकरणे तपासली, तेव्हा 93 टक्के निर्णय चुकीचे निघाले. यंत्र आपल्या चुकीची तक्रार करत नाही. कोणीतरी विचारावे लागते. विद्यार्थ्याला बढतीची भीती नसते, हा त्याचा फायदा. त्याचा अहवाल कपाटात जाऊ शकतो, हा तोटा.

महाराष्ट्रातही या वाटा आहेत. आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र आहे, धोरण अभ्यासाचे केंद्र आहे. राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप 2015 मध्ये सुरू झाली. तिच्यात तरुण पदवीधर सरकारी खात्यांबरोबर काम करतात. आपल्या घरांतल्या मुलामुलींकडे येथे एक जमेची बाजू आहे. मोहल्ल्यातली खाला आपला अर्ज का अडला ते उर्दूत मोकळेपणाने सांगते, आणि तेच मराठीत नीट लिहून साहेबांपुढे ठेवणारे फार थोडे असतात. फेलोशिपसाठी पदवीला 60 टक्के गुण, वर्षभराच्या कामाचा अनुभव आणि मराठी यावी लागते. वयाची अट 21 ते 26 आहे, तेव्हा शोध पदवीच्या शेवटच्या वर्षातच सुरू केलेला बरा.