साध्या वस्तूंचा चित्रकार

दिवाळीची साफसफाई निघाली, की घरातला एखादा जुना खण पालथा घातला जातो. त्यातून काय काय बाहेर पडते! कुलूप हरवलेली किल्ली, गंजलेली सेफ्टी पिन, बंद पडलेले घड्याळ, कधीतरी समुद्रकाठी वेचलेला शिंपला. गृहिणी म्हणते, "टाका हो एकदाचे हे!" अशाच वस्तूंपुढे एक मराठी चित्रकार वर्षानुवर्षे थांबून राहिला. त्याचे नाव प्रभाकर बर्वे.

बर्व्यांचा जन्म १९३६ सालचा, अलिबागजवळच्या नागावचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले शिक्षण संपल्यावर पोटापाण्यासाठी त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली. १९६१ ते १९६५ ही वर्षे काशीला गेली. तेथे तंत्रमार्गातील आकृत्यांनी त्यांना भुरळ घातली व त्या त्यांच्या चित्रांत उतरल्या. मुंबईला परतल्यावर मात्र ही गूढ चिन्हे हळूहळू मागे सरली आणि पाने, फळे, किल्ल्या, घड्याळे पुढे आली.

वस्तुचित्र म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे टेबल आणि त्यावरची फळांची परडी येते. रशियातील पेत्रोव-वोद्किन या नव्या वळणाच्या चित्रकाराने १९१८ साली, पेत्रोग्राडच्या उपासमारीच्या दिवसांत, एक हेरिंग मासा, पावाचा तुकडा आणि दोन बटाटे रंगवले. एवढ्याशा जिनसांत साऱ्या शहराची भूक दिसली! पण टेबल त्याने ठेवले होते. बर्व्यांनी तेही काढून घेतले. त्यांच्या कॅनव्हासवर वस्तू मोकळ्या अवकाशात सुट्यासुट्या तरंगतात. रंगही पुष्कळदा एनॅमलचा, दारे-खिडक्यांना लावतात तोच! टेकू गेला, उपयोग गेला; उरला तो आकार, आणि दोन वस्तूंमधली रिकामी जागा. पाहणाऱ्याने त्यांचे नाते आपले आपण शोधायचे.

त्या रिकाम्या जागेचे मोल ते जाणून होते. चित्रनिर्मितीविषयीच्या आपल्या चिंतनाच्या पुस्तकाला त्यांनी 'कोरा कॅनव्हास' असे नाव दिले. ते १९९० साली प्रसिद्ध झाले. अवघ्या पाच वर्षांनी, १९९५ मध्ये, बर्वे गेले. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले.

तेव्हा वाचकहो, यंदा खण आवरताना ती बिनकुलपाची किल्ली टाकायची तर खुशाल टाका. पण त्याआधी ती कोऱ्या कागदावर ठेवून घटकाभर पाहा. कुलपाची आठवण विसरलात, तर किल्ली प्रथमच दिसेल.