अमेरिकेतील राज्ये आणि नात्यातले लग्न

अमेरिकेत कोणाचे कोणाशी लग्न होऊ शकते, हे राष्ट्रीय कायदा ठरवत नाही. ज्या त्या राज्याचे विधिमंडळ ठरवते. आई-बाप आणि मुले किंवा सख्खी भावंडे यांच्यातील विवाह सर्वच राज्यांत निषिद्ध आहे. मतभेद सुरू होतो तो भावाबहिणींच्या मुलांपाशी. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स येथे त्यांचे लग्न कायदेशीर ठरते. टेक्सास, ओहायो, मिशिगन येथे ठरत नाही.

मराठी वाचकाला या कायद्यांत एक गोष्ट खटकते. चुलत, मावस, आते, मामे या चारही नात्यांना इंग्रजीत ‘कझिन’ हा एकच शब्द आहे आणि कायदाही तेवढाच शब्द ओळखतो. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातील अनेक जातींत रूढ आहे, चुलत बहीण मात्र सख्ख्या बहिणीसारखी मानली जाते. हा भेद तिकडच्या कायद्याच्या गावीही नाही.

बंदीची सुरुवात कॅन्ससने १८५८ मध्ये केली. त्याच वर्षी केंटकीचे डॉक्टर सॅम्युएल बेमिस यांचा रक्तसंबंधातील विवाहांवरचा अहवाल अमेरिकन मेडिकल असोसिएशनतर्फे प्रसिद्ध झाला. त्यातील माहिती डॉक्टरांकडून गोळा केलेली होती, आणि ज्या घरातली मुले धडधाकट, त्या घराची आठवण डॉक्टरला राहण्याचे कारण थोडेच. तरीही धास्ती पसरली. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले १९०० मध्ये; तोवर अनेक राज्यांत बंदी येऊन बसली होती. नातेव्यवस्थेच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घालणारे न्यूयॉर्कचे ल्यूइस हेन्री मॉर्गन यांनी १८५१ मध्ये मामेबहिणीशीच लग्न केले होते.

कायद्याला खरी भीती संततीची आहे, हे अपवादांतून उघड होते. इंडियानात दोघेही ६५ वर्षांचे झाले की हे लग्न चालते. इलिनॉयमध्ये हीच मर्यादा ५० आहे, किंवा दोघांपैकी एकाला मूल होणे कायमचे अशक्य असावे लागते. विस्कॉन्सिनमध्ये वयाची अट फक्त स्त्रीला आहे: ५५. ॲरिझोना आणि युटा यांच्याही अशाच अटी आहेत. मेन राज्य वय विचारत नाही; आनुवंशिकतेविषयी समुपदेशन घेतल्याचा डॉक्टरचा दाखला मागते, आणि सगळ्यांत समंजस वाट हीच वाटते. नॉर्थ कॅरोलायनात लग्नाला मुभा आहे, पण दुहेरी नाते चालत नाही. दोन भावांनी दोन बहिणींशी लग्न केले, किंवा दोन घरांत साटेलोटे झाले, की त्यांची मुले एकमेकांची दोन्हीकडून भावंडे होतात. तिथे मनाई आहे.

विज्ञान आणि कायदा यांची दिशा मात्र जुळलेली नाही. १९७० मध्ये एकसमान राज्य-कायद्यांचे मसुदे करणाऱ्या आयुक्तांच्या परिषदेने भावंडांच्या मुलांच्या आपसांतील विवाहावरची बंदी आपल्या नमुना विवाह कायद्यातून वगळली. २००२ मध्ये आनुवंशिकता-समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेने आकडे मांडले: कोणत्याही जोडप्याच्या अपत्यात गंभीर जन्मदोषाची शक्यता ३ ते ४ टक्के असते, चुलत, मावस, आते, मामे भावंडांच्या विवाहात तिच्यात साधारण १.७ ते २.८ टक्क्यांची भर पडते. ही भर दुर्लक्ष करण्यासारखी नाही, पण एकोणिसाव्या शतकातील भीतीइतकी मोठीही नाही. यानंतरही टेक्सासने २००५ मध्ये आणि टेनेसीने २०२४ मध्ये नव्याने बंदी घातली.

काका-पुतणी किंवा मामा-भाची यांचे लग्न जवळजवळ सर्वत्र निषिद्ध आहे. ऱ्होड आयलंडने ज्यू धर्मीयांना त्यांच्या धर्माला मान्य असलेल्या नात्यांपुरती सूट दिली आहे. तेथे १९१३ मध्ये झालेला असा एक विवाह न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९५३ मध्ये वैध ठरवला, जरी न्यूयॉर्कमध्ये तो होऊच शकला नसता. जिथे लग्न लागले तिथे ते वैध असेल तर ते इतरत्रही वैध, हा सर्वसाधारण नियम. मात्र आपल्या धोरणाला ठाम विरोध करणारे लग्न नाकारण्याची मुभा राज्ये स्वतःकडे ठेवतात. मामेबहिणीशी भारतात रूढीनुसार, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या चौकटीत लग्न करून तिकडे गेलेल्या मराठी जोडप्याला म्हणूनच राहण्याचे राज्य कोणते, हे पाहावे लागते.