सुट्टीतील वाचन आणि घरातील धाकटी भावंडे

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे पुस्तके फडताळात जातात आणि जूनच्या मध्यास शाळा उघडेपर्यंत बहुधा तेथेच राहतात. मोठ्या विद्यार्थ्याचे यात फारसे बिघडत नाही. एकदा अंगी मुरलेले वाचन तो सहसा विसरत नाही. परंतु पहिली, दुसरी वा तिसरीत असणाऱ्या बालकाची गोष्ट निराळी आहे. त्याचे वाचन अद्याप कोवळे असते, आणि कोवळ्या रोपाचे पाणी वैशाखात तोडले तर त्याची काय दशा होते, हे धारूरच्या माळावर राहणाऱ्यांस सांगावयास नको.

लहान मूल वाचते म्हणजे नेमके काय करते, हे प्रथम पाहू. अक्षर ओळखणे, त्यास काना-मात्रा-वेलांटी लावणे आणि जोडाक्षर आले तर ते फोडून पुन्हा सांधणे, ही सारी कामे त्यास एकाच वेळी करावी लागतात. ‘प्रवासात’ हा एक शब्द लागता लागता प्रवासास निघाले होते कोण, हेच ते विसरून जाते. गोष्टीतली गंमत त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि ज्यात गंमत नाही ते काम मूल आपण होऊन का करील? पुढे पुष्कळ सराव झाला म्हणजे तोच शब्द एका दृष्टिक्षेपात ओळखू येतो, मनावरील अक्षरांचे ओझे उतरते आणि मन अर्थाकडे धावू लागते. हा पल्ला गाठण्यापूर्वीच सराव तुटला, तर मूल पुन्हा अक्षरांच्याच खटपटीत अडकते. ते मंदबुद्धीचे आहे असा शेरा मग घरी मिळतो, आणि कधी कधी शाळेतही मिळतो. तो बहुधा खरा नसतो.

आपल्या तालुक्यात तर या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील शेकडो कुटुंबे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ऊसतोडीस जातात. कोणी पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांवर जातो, कोणी कर्नाटकात. फडाजवळच्या कोपीत हिवाळा जातो आणि पाडव्याच्या मागेपुढे ही मंडळी गावी परततात. मुले बरोबर गेली तर शाळेचे ऐन महिने बुडतात. ती आजी-आजोबांजवळ अथवा हंगामी वसतिगृहात राहिली तर शाळा सुटत नाही, परंतु आई-बाप दुरावतात. मुकादम ज्यास एक ‘कोयता’ म्हणून मोजतो तो नवरा-बायकोचा जोड असतो; मुलाचे त्या हिशेबात नाव नसते. अशा घरी मूल, आई, बाप, आजी व मोठी भावंडे एका छपराखाली नांदतात ती प्रामुख्याने उन्हाळ्यात. म्हणून इतर ठिकाणी जी नुसती सुट्टी आहे, ती येथे बुडालेले भरून काढण्याची जवळ जवळ एकच संधी आहे. तिसरीत ज्यास धड वाचता येत नाही त्यास पाचवीचा इतिहास कळत नाही, सातवीचे गणित कळत नाही, आणि मग एके वर्षी तो शाळेत दिसतच नाही. कोयता घेऊन बापाच्या मागे निघालेला असतो.

सुट्टीत मुले मागे पडतात ही तक्रार आपल्याकडचीच आहे असे नव्हे. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांनी १८९० च्या दशकातच मुलांकरिता उन्हाळी वाचनाचे उपक्रम सुरू केले होते. पुढे १९९६ साली हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर झालेल्या अनेक पाहण्या एकत्र तपासल्या. सुट्टीनंतर मुले सरासरीने सुमारे एक महिन्याच्या अभ्यासाइतकी मागे येतात, आणि वाचनाच्या बाबतीत हा तोटा गरीब घरच्या मुलांस अधिक होतो, असे त्यांस दिसले. या आकड्याविषयी विद्वानांत नंतर मतभेद झाले, व ते असोत. आम्हांस त्याहून उपयोगाचा वाटतो तो २०१० साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग. रिचर्ड ॲलिंग्टन व ॲन मॅकगिल-फ्रान्झेन यांनी फ्लॉरिडा प्रांतातील गरीब वस्तीच्या शाळांतील लहान मुलांस लागोपाठ तीन उन्हाळे प्रत्येकी बारा पुस्तके घरी दिली. वर्ग भरविले नाहीत. तरीही ज्यांस पुस्तके मिळाली होती त्यांचे वाचन इतरांहून पुढे गेले. यातील मर्माची गोष्ट अशी की पुस्तके शिक्षकांनी नेमून दिलेली नव्हती, मुलांनी स्वतः निवडलेली होती. आपण वडीलधारी माणसे येथेच घोटाळा करितो. मुलास वाघाचे पुस्तक हवे असते आणि आपण त्याच्या हाती थोर पुरुषाचे चरित्र देतो.

आता, विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडे वळतो. कारण पुष्कळ घरांत उत्तम वाचता येणारे माणूस म्हणजे तुम्हीच. आठवी-नववीतील ताई वा दादा याने रोज वीस मिनिटे धाकट्या भावंडास मोठ्याने वाचून दाखविले, तर सहा आठवड्यांत चौदा तास होतात. वेळ जेवणानंतरची बरी. माळवदावर अंथरूण टाकलेले असते, वारा सुटलेला असतो, आणि बहुतेक घरी दिवाही असतो. दुपारी ऊन तापते तेव्हा ओसरीत किंवा लिंबाच्या सावलीत बसावे. पुस्तक मुलाच्या मांडीवर ठेवावे, आपल्या नव्हे. ओळीखालून बोट फिरवीत वाचावे, म्हणजे कानावर येणारा शब्द आणि डोळ्यांपुढचा शब्द यांची गाठ पडते. तीच गोष्ट दहा वेळा मागितली तर दहा वेळा वाचावी. तुम्हांस कंटाळा येईल, त्यास येणार नाही. दहाव्या वेळी ते तुमच्या आधी बोलू लागेल आणि एखादे दिवशी बोट स्वतःच पुढे नेईल. शब्द चुकला तर ओरडू नये. क्षणभर थांबावे, न जमल्यास तो सांगून पुढे चालावे. वाचून झाल्यावर परीक्षकासारखे प्रश्न विचारू नयेत. ‘कोल्ह्याच्या जागी तू असतास तर?’ एवढे विचारले तरी गप्पा रंगतात.

एक सूचना स्पष्टच करितो. हे काम केवळ ताईच्या माथी मारू नये. पाणी, भांडी, धाकट्याचा सांभाळ इतके सारे उरकून वर वाचनही तिनेच करावे, आणि दादाने चावडीपुढे क्रिकेट खेळावे, हा न्याय नव्हे.

गोष्टीतील भाषा अडेल, त्याची चिंता नको. पुस्तकातील मराठी व आपल्या घरची मराठी यांत अंतर आहे. आधी गोष्ट घरच्या बोलीत सांगावी, मग पुस्तकातून वाचावी. मुलाच्या मनात दोन्ही भाषा गुण्यागोविंदाने नांदतात. बोलीस हसून मात्र मुलाचे तोंड बंद होते.

ज्या आईस वाचता येत नाही तिनेही आपणास यात भाग नाही असे समजू नये. तिच्या वा आजीच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या असतात. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करण्यात आल्या, आणि १९९६ साली आपल्या शेजारच्या माजलगावातील भीमनगरात काही ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या. विद्वान जे गोळा करावयास दुरून आले ते आपल्या घरात बसलेले आहे! यास्तव एक साधी वही घ्यावी. आजीने ओवी, कोडे किंवा लहानपणीची हकीकत सांगावी. मोठ्या भावंडाने ती ठळक अक्षरांत, एका पानावर चार-पाचच ओळी अशी लिहावी. धाकट्याने चित्र काढावे. जे शब्द मुलाने आजीच्या तोंडून आधीच ऐकले आहेत ते त्यास कागदावर ओळखणे सोपे जाते. अशी वही पहिलीच्या मुलास विकतच्या पुस्तकाहून कित्येकदा अधिक उपयोगी पडते, आणि तिची किंमत एका वहीइतकीच.

पुस्तके कोठून आणावी, हा प्रश्न राहिलाच. बडोद्याचे सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. १८७५ साली, बाराव्या वर्षी, ते दत्तक गेले तोवर त्यांस अक्षरओळखही नव्हती. त्याच राजाने १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालये उभारविली, आणि जेथे ग्रंथालय नव्हते अशा खेड्यांस पुस्तके लाकडी पेट्यांत भरून पाठविली. एका गावाने वाचून झाले की पेटी पुढच्या गावी जाई. आपणांस संस्थान नको की सुतार नको. शेजारच्या पाच घरांनी दोन दोन पुस्तके आणली तर दहा होतात, व ती एका पिशवीत घालून दर रविवारी घर बदलीत फिरविली की सुट्टी पुरते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य पाहावयास मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर अगदी लहानांकरिता मोठ्या अक्षरांची, चित्रांची मराठी पुस्तके आहेत. घरात मोबाईल असेलच तर त्याचा एवढा सदुपयोग व्हावा. मात्र तो मोठ्याच्या हातात असावा, नाहीतर गोष्ट दोन मिनिटांत संपते आणि नाचगाणे सुरू होते.

कोणास काय द्यावे याविषयी थोडेसे. इसापच्या व पंचतंत्राच्या गोष्टी लहान असतात, एका बैठकीत संपतात, हा त्यांचा मोठा गुण. दहाच्या पुढच्या मुलांस ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आणि भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ द्यावा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ सर्वांस प्रिय आहे, परंतु ती सहा-सात वर्षांच्या मुलापुढे एकदम ठेवू नये. एखादे प्रकरण आईने ऐकावे, मुलाने शेजारी बसावे, इतके पुरे. पुस्तक नसेल त्या दिवशी एस.टी.च्या पाट्या, दुकानांचे फलक, लग्नपत्रिका, साबणाचे वेष्टण काहीही चालते. अंबाजोगाईस जाणे झाले तर दासोपंतांची पासोडी पाहण्याचा योग साधावा. चारशे वर्षांपूर्वी कागदाऐवजी लांबच लांब कापडावर लिहिलेला तो ग्रंथ आहे, आणि मुलास त्यातील एखादे अक्षर ओळखता आले तर त्याचा आनंद पाहण्यासारखा असतो.

ज्या पालकांस अडखळत वाचता येते त्यांस मुलापुढे वाचण्याची लाज वाटते. त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांचे स्मरण करावे. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. लग्नानंतर पती नारायण वामन टिळक यांनी शिकविले तेवढेच त्यांचे शिक्षण, आणि तेही धरसोडीचे. १९३४ पासून चार भागांत निघालेले त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ आज मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत गणले जाते. बाप एक ओळ अडखळत वाचतो आणि पुढची ओळ मूल अडखळत वाचते, याहून बरी जोडी कोणती?

दसऱ्यानंतर ज्यांस पुन्हा फडावर जावे लागेल त्यांनी निघताना आजीची वही व दोन पुस्तके जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, भांड्यांच्या पोत्यात नव्हे, अंथरुणाच्या गाठोड्यात ठेवावी. तेथे ती ओली होत नाहीत, आणि रात्री अंथरूण उलगडले की आपोआप हाती येतात.